शंभरची दीडशे

८ जानेवारी २०२५, बुधवार

कोरीटचा बन्सीलाल सकाळीच गॅरेजवर आला, बरोबर मुलगी. ही डायरी त्यानेच दिलेली. दर जानेवारीला देतो, वर त्याच्या खत-बियाण्याच्या दुकानाचं नाव आणि पहिल्या पानावर कपाशीवरच्या किडींची चित्रं. वीस वर्षं मी अशाच डायऱ्यांत इंजिनं लिहितो. घरात आमचं बोलणं हिंदी-उर्दू, गिऱ्हाइकांशी अहिराणी, पण शिकलो शहाद्याच्या मराठी शाळेत, म्हणून वहीत सगळं मराठीतच उतरतं.

मुलीचं नाव रोहिणी. काठीकडे डोंगरात आरोग्यसेविका आहे. बापाची जुनी शंभर सीसीची गाडी चालवते. गेल्या आठवड्यात एका पाड्यावरून दिवस भरलेली बाई मागे बसवून निघाली होती. जीप यायला तीन तास लागणार होते.

"चाचा, गाडी चढेच ना. मांगे सरकनी," ती म्हणाली. बाईला खाली उतरवलं. बाई कळा सोसत सोसत चढ चालली, वर जाऊन पुन्हा बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत मूल पोटातच गेलं.

मी म्हटलं, मोठी गाडी घे. तर ती म्हणे, "उंच गाडीवर मन्हा पाय टेकतस नही." खरंच आहे, पोर चणीने लहान. म्हणून मी सांगितलं, शंभरची दीडशे करून देतो. बाहेरून हीच बुटकी गाडी, आत दीडशेचा दम. दोघं बसून वर सामान ठेवलं तरी घाट ओढेल.

तौहिद मध्येच बोलला, अब्बा, कागदावर ती शंभरचीच राहील, आरटीओला चालत नाही. सत्तावीस वर्षांचा झाला तरी गिऱ्हाइकासमोर काय बोलावं ते कळत नाही. बन्सीलालने तिकडे लक्षच दिलं नाही. मला म्हणाला, "नासिरभो, तुन्हा कानवर मन्हा भरोसा शे. तू सांगशी तवयच ती घाटमा जाई."

माझ्या कानाचं या तालुक्यात नाव आहे, ते मी लिहिलं नाही तरी लोक सांगतात. लांब पेचकसाचं टोक इंजिनवर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली की आत कुठे काय दुखतंय ते मला कळतं. मशिनी लावून कॉम्प्युटरवर बघणारे शोरूमवालेसुद्धा गाडी अडली की माझ्याकडे ढकलतात.

१२ जानेवारी, रविवार

घरात नवा कुकर आणला, त्याची शिट्टी महिनाभरात बसली. डाळ करपली. मी बाजारातून दुसरी शिट्टी आणली, तीही तसलीच. माझी बायको अख्तरबानो म्हणते वाजते. वाजली असती तर मी बाजूलाच बसलो होतो की. हल्ली वस्तूंमध्ये दमच राहिलेला नाही.

मुलीचं, अतिकाचं, कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे, पण बोलते अशी की तोंडातल्या तोंडात. तिला म्हटलं, नोकरीच्या मुलाखतीला अशी पुटपुटलीस तर कोण घेईल. तिने आईकडे बघितलं. दोघींचं काहीतरी चालू असतं.

तौहिदचं एक वागणं मला खटकतं. मी जोहरच्या, दुपारच्या नमाजला गेलो की मी तयार करून ठेवलेली गाडी हा पुन्हा चालू करतो, एखादा नट फिरवतो, कधी तर झाकणच उघडतो. आज परत आलो तर एका गाडीचं टॅपेट सेट करत होता. ते मी सकाळी केलं होतं. विचारलं तर म्हणाला, शिकतोय. बापाच्या कामावर शंका घेतो आणि वर शिकतोय म्हणतो. दोन वर्षं हेच चाललंय. सुरतेच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी मिळत होती ती सोडून इथे का थांबला, तेही धड सांगत नाही.

१८ जानेवारी, शनिवार

रोहिणीचं इंजिन उतरवलं. इंजिनच्या कवचाचं, केसचं तोंड लेथवर मोठं करून घेतलं, दीडशेचा ब्लॉक बरोब्बर बसला. अडचण आली पिस्टनच्या पिनीची. पिन बारीक आणि ती जिथे बसते तो कनेक्टिंग रॉडचा डोळा मोठा. तौहिद म्हणे थांबा, मापाचा रॉड सुरतेहून मागवू, दहा दिवस लागतील. मुलीला फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी गाडी हवी आहे, लसीकरण सुरू होतंय.

मधली फट भरायला मी गनमेटलचं बुश, म्हणजे आतली नळी, स्वतः लेथवर उतरवलं. तेलाला भोक पाडलं, रॉडमध्ये ठोकून बसवलं. माझ्या वडिलांनी ट्रकची अशी बुशं बनवली आहेत, ते ट्रक बडोद्यापर्यंत गेले. तौहिद बुश बोटाने फिरवून बघत होता. म्हणाला, अब्बा, थोडं सैल नाही ना. मी म्हटलं, तुझ्या जन्माच्या आधीपासून मी बुशं ठोकतोय.

२५ जानेवारी, शनिवार

आज पहिली किक मारली. इंजिन असं सुरू झालं की मला हसू आलं. पेचकस लावला, आत सगळं रेशमासारखं. बारीकसासुद्धा खरखराट नाही. इतकं स्वच्छ इंजिन मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. बारा वर्षांपूर्वी कुठलंही इंजिन घ्या, थोडा टिकटिकाट असायचाच. हल्ली माझ्या हाताखालून जाणारी सगळीच अशी शांत निघतात. हाताला वय झालं की सफाई येते म्हणतात ते हेच असेल.

तौहिदने गाडी प्रकाशा गावापर्यंत नेऊन आणली आणि तोंड पाडून उभा राहिला. म्हणाला, तापल्यावर टकटक आहे. बुश असेल. उघडू या.

मी पुन्हा कान लावला. काही नाही. त्याला म्हटलं, ये, तूही लाव. त्याने लावला, आणि माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, आता गार झाली आहे, आता कमी आहे. पण आहे.

२९ जानेवारी, बुधवार

आज फार झालं.

बन्सीलाल गाडी बघायला आला होता. तौहिदने त्याच्यासमोर सांगितलं की हे इंजिन उघडल्याशिवाय ताईला देऊ नका. तीस वर्षांपासूनचा माझा दोस्त समोर उभा, बाजूला चहावाला, दोन गिऱ्हाइकं. मी विचारलं, कान कुणाचा, तुझा की माझा? त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, अब्बा, एकदा धुळ्याला जाऊन कान दाखवून येऊ. मी बरोबर येतो.

त्याला मारलं नाही एवढंच. मी चावी खिशात टाकली आणि सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या हातचं इंजिन मी जिवंत असेपर्यंत तू उघडायचं नाहीस. बन्सीलाल समजावत होता, "जाऊ दे भो, पोऱ्या शे." पण तोही शेवटी माझ्याच बाजूने बोलला. ज्याचं नाव आहे त्याचंच ऐकणार ना माणूस.

घरी अख्तरबानो जेवली नाही. मुलावर ओरडलो याचा राग. अतिकाने एका चिठ्ठीवर धुळ्याच्या डॉक्टरचं नाव लिहून माझ्या चष्म्याच्या डबीत ठेवलं होतं. मी ती फाडून टाकली. सगळ्यांनी मिळून मला म्हातारा करायचं ठरवलं आहे. मी अजून साठचाही झालो नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

तौहिद सकाळी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, उघडत नाही. पण ताई सोमवारी नेणार, त्याआधी उद्या मी देवगोई घाटातून फिरवून आणतो. मागे पन्नास किलोचं पोतं बांधतो. नीट चालली तर पुन्हा शब्द काढणार नाही.

मी चावी त्याच्या हातात दिली. म्हटलं, जा. घाटच सांगेल तुला.

२ फेब्रुवारी, रविवार

तौहिद गेला.

६ फेब्रुवारी, गुरुवार

लिहायचं म्हणून लिहितो. हात दुसरं काही करत नाही.

रविवारी साडेअकराला पोलिसांनी मला फोन केला होता. सहा वेळा. माझा फोन वाजलाच नाही. मग त्यांनी अख्तरबानोला लावला. ती गॅरेजपर्यंत धावत आली, चप्पल नव्हती पायात. मी गाडीखाली होतो. ती मागून हाका मारत होती म्हणे. मला तिचे पाय दिसले तेव्हा कळलं.

घाट उतरताना वळणावर गाडी घसरून खाली गेली. पोतं अंगावर. बघणाऱ्याने सांगितलं, पडल्यावर हलला नाही. रस्त्यावर मागच्या टायरचा काळा ओरखडा आहे, चौदा-पंधरा फूट लांब. पंचनाम्यात लिहिलं, भरधाव वेगात वाहनावरील ताबा सुटून.

रविवारीच संध्याकाळी दफन केलं. कबरीत उतरून त्याला माझ्याच हातांनी ठेवलं. पाय ठीक होते, चेहराही ठीक होता. फक्त डोकं मागून.

मला राग येतो. कुणावर आला पाहिजे ते कळत नाही, म्हणून त्याच्यावरच येतो. हातात दम आला की पोरं उडवतात. शंभर सीसीवर आयुष्य काढलं, दीडशे मिळाली आणि उतारावर सोडली असेल. एवढा लांब ओरखडा हळू चालवणाऱ्याचा पडत नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

बन्सीलाल आणि रोहिणी पुन्हा आले. पोर माझ्या पायाशी बसून रडत होती, मन्हामुळे व्हयनं म्हणत होती. तिचं तेवढं वाक्य मला तिच्या बापाने सांगितल्यावर कळलं, रडताना बोलणं कुठे समजतं.

बन्सीलालने विचारलं, "तो जोरमा चालाडी ऱ्हायंता का?"

मी हो म्हटलं. गाडीचा दोष नाही, पोराचा हात सुटला. तिथे मोहल्ल्यातली आठ-दहा माणसं बसली होती. सगळ्यांनी ऐकलं. अतिका आतल्या दारात उभी होती, ती तिथून निघून गेली. बापाने मुलाबद्दल असं बोलू नये, मला कळतं. पण त्या पोरीच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

गॅरेज उघडून दहा दिवस झाले. चार गाड्या परत आल्या. एकाची टायमिंग चेन सैल, एकाचं बेअरिंग ओरडतंय म्हणे. मी कान लावला, काही ओरडत नव्हतं, तरी बदलून दिलं. बाजारात पार्टच डुप्लिकेट येतात.

लोणखेड्याचा एक जुना गिऱ्हाईक म्हणाला, पहिले असं व्हयेच ना, चाचा. तौहिद गाडी देताना एक चक्कर मारी येये, मंग काहीतरी घट्ट करी दे. मी म्हटलं, हो, त्याला ती खोड होती.

कमी माणसांत काम करतो म्हणून चुका होत असतील. दुसरा माणूस ठेवायला मन होत नाही.

६ मार्च, गुरुवार

पाचवा रोजा. तरावीहमध्ये, रमजानच्या रात्रीच्या नमाजात, यंदा नवे हाफिजसाहेब आहेत, तेही पुटपुटतात. माइकवर असून निम्मं कळत नाही. सगळी दुनियाच आवाज दाबून बोलायला लागली आहे.

पोलिसांनी गाडी सोडली. बन्सीलालने टेम्पोत घालून सरळ माझ्याकडे आणली. टाकी चेपलेली, हँडल वाकडं, दिवा फुटलेला. मी दोन दिवस तिच्याकडे बघितलं नाही, वर कापड टाकून ठेवलं. आज कापड काढलं आणि किक मारली. पहिल्या किकला चालू झाली.

पहिल्या किकला. एवढी खाली पडून. पेचकस लावला, तसंच रेशीम. मग इंजिनचा काय दोष होता, सांगा. मी तिथेच बसून रडलो. माझं काम चांगलं होतं आणि माझा मुलगा गेला, या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असल्या तर माणसाने काय करावं.

१३ मार्च, गुरुवार

तौहिदचा चाळीसवा दिवस झाला. लोक जेवून गेले. बन्सीलाल दिवसभर उभा राहून पाणी देत होता. रोहिणी येऊ शकली नाही, काठीच्या होळीला गर्दी असते, तिची तिथे ड्यूटी. जाताना बन्सीलाल संकोचत म्हणाला, पोर जीपच्या मागे लटकून फिरते. गाडी चांगली शे म्हणतोस, तर मंग दे तिले.

मी शनिवारी ये म्हटलं. हँडल, टाकी सगळं नीट केलं आहे. इंजिनला हात लावायची गरजच नाही.

१५ मार्च, शनिवार

गाडी दिली. रोहिणी बसून बघत होती, दोन्ही पाय जमिनीला टेकत होते. मग बंद करून म्हणाली, "चाचा, खरंच काही नही ना इंजिनमा?" मोठ्याने विचारलं तिने, मला स्पष्ट ऐकू आलं.

मी म्हटलं, तौहिदची कसम. काही नाही.

ती सोमवारी पहाटे गाडी घेऊन वर जाणार आहे.

१६ मार्च, रविवार

दुपारी अतिका माझ्या खोलीत आली. पोलिसांनी गाडीबरोबर तौहिदच्या वस्तू दिल्या होत्या, त्यात त्याचा फोन होता, काच तडकलेली. आज तिने तो चार्जिंगला लावला. घाटात रेंज नव्हती तेव्हा त्याने मला एक मेसेज पाठवला होता, तो फोनमध्येच अडकून पडला होता. फोन चालू झाला आणि तो मेसेज आज मला आला. माझ्या फोनवर लिहिलेलं, तौहिद. खाली त्याचं बोलणं, एक मिनिट बावन्न सेकंद.

मी लावलं. "अब्बा" ऐकू आलं. मग काहीतरी पोतं, काहीतरी इंजिन, बाकी कांबळ्यातून बोलल्यासारखं. मग बोलणं थांबलं आणि गाडीचा आवाज सुरू झाला. धुमधुम, एकसारखा, गोल. मी तीन वेळा लावलं. अतिकाला म्हटलं, बघ, किती छान चालली होती.

तेवढ्यात अख्तरबानो ओल्या हातांनी दारात आली आणि काहीतरी विचारू लागली. अतिका तिला गप्प करत होती. मी विचारलं, काय म्हणते? अतिका सांगेना. मी ओरडलो तेव्हा तिने माझ्या कानाशी तोंड आणून सांगितलं, अम्मी विचारते, हे टकटक काय वाजतंय, नळ गळतोय का?

अख्तरबानो स्वयंपाकघरात होती. मध्ये एक खोली. फोन माझ्या हातात होता.

मी डायरी अतिकापुढे ठेवली. म्हटलं, या मेसेजमध्ये काय आहे ते सगळं लिही. खालचं तिच्या हातचं आहे.

"अब्बा, मी वर पोचलो. पोतं मागे आहेच. चढाला तीसच्या वर नेली नाही. इंजिन तापलं की टकटक येते, गार झाली की थांबते. गॅरेजमध्ये तुम्हाला ऐकू येत नाही कारण तिथे गाडी गार असते. तुमची काही चूक नाही. आता फोन इंजिनजवळ धरतो, ऐका. (इथे इंजिन. टकटक, सारखी. मध्ये जरा कमी होते, मग आणखी जोरात.) ऐकली ना. ब्रेक जुने आहेत, म्हणून गिअरमध्येच सावकाश उतरतो. बन्सीचाचांना आज काही सांगू नका, उगाच तुमचा शब्द खाली पडायला नको. आपण दोघं संध्याकाळी उघडू. अम्मीला सांगा येताना बोरं आणतो."

मी ते वाचलं. पुन्हा लावलं. पुन्हा नुसतं धुमधुम.

गॅरेजमध्ये गाडी गार असते. पोराने मला सबबसुद्धा स्वतःच शोधून दिली.

मला ऐकू येत नाही. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितो आहे. मी नमाजला गेलो की तो झाकणं का उघडायचा, सुरतेची नोकरी का सोडली, चार गाड्या परत का आल्या, सगळं एकदम समोर आलं. दोन वर्षं तो माझ्या कानाच्या मागे उभा होता आणि मी त्याला सर्वांसमोर खाली पाडत होतो. मेल्यावरसुद्धा.

आणि गाडी कोरीटला होती. अतिकाने फोन लावून बन्सीलालला सांगितलं, गाडी हलवू नका, अब्बा येत आहेत. मी पान्यांची पिशवी घेतली आणि दोघं एसटीने निघालो.

बन्सीलालच्या अंगणात इंजिन उघडलं. पंचेचाळीस मिनिटं कुणी बोललं नाही, निदान मला ऐकू आलं नाही. बुश रॉडमध्ये फिरलं होतं. तेलाचं भोक बंद झालं होतं. पिन जळून निळी-काळी. तापली की बुश पिनीला धरणार, इंजिन जागेवर थांबणार आणि मागचं चाक जाम होणार. तो काळा ओरखडा ब्रेकचा नव्हता. पिन गार झाली की पुन्हा सैल. म्हणून पहिल्या किकला चालू झाली होती. उद्या पहाटे रोहिणी याच इंजिनवर घाट उतरली असती. मागे कुणीतरी बसलेलंही असतं.

मी बन्सीलालला सांगितलं. मला ऐकू येत नाही. किती वर्षांपासून ते माहीत नाही. तौहिद जोरात नव्हता, तीसच्या आत होता. त्याने सांगितलं होतं ते खरं होतं, आणि मी तुला सांगितलं ते खोटं. काल तुझ्या मुलीसमोर मी त्याची कसम खाल्ली, तीही खोटी.

बन्सीलालने रॉड हातात घेतला, बुश बोटाने हलवून बघितलं. ते हललं. त्याने रॉड खाली ठेवला आणि घरात गेला. परत बाहेर आला नाही. मी बोलवलंही नाही. तीस वर्षांत त्याने मला पहिल्यांदा अंगणात एकटं सोडलं, आणि त्याला तो हक्क होता.

दिवस मावळला तो मला कळला नाही. रोहिणीने माझ्या खांद्याला हात लावला. तिच्या हातात तांब्या आणि दोन केळी होती. रोजा सोडायची वेळ झाली होती. हाक मारून उपयोग नाही हे तिला एका दुपारीत समजलं.

२५ मार्च, मंगळवार

धुळ्याला जाऊन आलो, अतिका बरोबर होती. डॉक्टरने कागदावर रेघ काढून दाखवली. जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. इंजिनांजवळ आयुष्य काढणाऱ्याचं असंच होतं म्हणे, बायकांचे आवाज, शिट्ट्या, टकटक पहिले जातात. आपलं आपल्याला कळत नाही, कारण वाढलेली शांतता बरी वाटते. कानाला मशीन लावलं तर थोडंफार परत येईल.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीत उभा राहिलो होतो. लोकांना सांगितलं की माझा मुलगा हळू चालवत होता, इंजिन माझं होतं. काही जण मान खाली घालून गेले, काहींनी हात धरला. पोलिसांतही लिहून दिलं. साहेब म्हणाले, आता हे लिहून काय होणार, उलट तुम्हालाच त्रास होईल. मी म्हटलं, होऊ द्या, कागदावर भरधाव राहायला नको. रोहिणीच्या गाडीला मापाचा रॉड मागवला आहे, बसवणार दुसरा मिस्तरी, नंदुरबारचा. बन्सीलालने अजून फोन केलेला नाही.

अतिका मशीन आणायची घाई करते. मी ईद होऊ दे म्हणतो. तिला खरं कारण सांगितलं नाही, इथे लिहितो. मशीन लावलं की त्या मेसेजमधली टकटक मला ऐकू येईल, आणि ती मला ऐकावीच लागेल.

रोज असरच्या नमाजनंतर गॅरेजच्या बाकावर बसून लावतो. एक मिनिट बावन्न सेकंद. अब्बा म्हणतो, मग गाडी चालते. मी डोळे मिटून ती टकटक शोधतो. आजही शोधली. मला ती गाडी अजून चांगलीच वाजते.